आपली आपण लागणारी गाडी

लायसन्स काढून अकरा वर्षं झाली, तरी तिच्या हाती गाडीची किल्ली काही लागली नव्हती. "चालवशील गं, पण पार्किंगमध्ये लावताना खांबाला घासशील," हे नवऱ्याचं ठरलेलं उत्तर. यंदा त्याने आपली आपण पार्क होणारी गाडी घेतली, तेव्हा ती म्हणाली, "अहो, आता तरी द्या!"

"थांब, आधी गाडीवर भरवसा बसू दे," म्हणत त्याने ऐटीत बटण दाबलं, स्टिअरिंग सोडलं, आणि गाडी कर्रकन खांबाला घासली. तो खाली उतरला आणि ओरखड्यावरून मायेने हात फिरवत म्हणाला, "नवीन आहे बिचारी. शिकेल हळूहळू."

तिने हात पुढे केला. "द्या ती किल्ली. इतका समजूतदार मास्तर मला आजच भेटलाय."