चूक क्रमांक वीस

पडद्यावर अंतराळयान फुटलं आणि धडाम् आवाज झाला. किणीकर सरांनी लगेच मोबाईलच्या उजेडात वहीत लिहिलं, 'चूक क्रमांक सात : निर्वातात आवाज!' अकरावीला भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. 'शनीचे पहारेकरी'चा हा पाचवा भागही पेपर तपासल्यासारखाच बघत होता. मध्यंतरापर्यंत चुका एकोणीस झाल्या. "पहिल्या भागाची सर नाही," असं बायकोला सुनावत त्यांनी तिचे निम्मे पॉपकॉर्न फस्त केले.

मध्यंतरानंतर पहिल्या भागातला तो गंजका, एका डोळ्याचा यंत्रमानव लंगडत पडद्यावर आला. सरांनी तोंडात दोन बोटं घालून अशी शिट्टी ठोकली, की पुढच्या रांगेतले त्यांचेच विद्यार्थी दचकून मागे वळले.

बाहेर पडताच पोरांनी गाठलं. "सर, कसा वाटला?"

"भंगार! साफ नापास!" नाक पुसत सर कडाडले.

"मग रडलात कशाला?" बायकोनं विचारलं.

"चुका बघून."

तिनं हसू दाबत त्यांच्या काखेतली वही ओढून घेतली. मध्यंतरानंतर फक्त एकच ओळ होती :

'चूक क्रमांक वीस : फार लवकर संपला.'