पाळण्यावरची फीत

"ओळखा बघू मॅडम, इथली हवा कशी फिरते," इस्पितळाचा एसी सांभाळणारे गुरव म्हणाले आणि त्यांनी डक्टचा, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळांचा, नकाशा माझ्यापुढे केला. मी आयटीआयमध्ये हेच शिकवते. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत माझी नुकती जन्मलेली नात झोपली होती; वेळ जावा म्हणून मी बाणांवरून बोट फिरवू लागले.

निळे बाण खोल्यांत हवा सोडत होते, लाल बाण तीच परत मशीनकडे आणत होते. "सोपंय. सगळ्या खोल्यांना एकच डक्ट. वापरलेली हवाच गार करून पुन्हा सगळीकडे फिरवायची. ऑफिसांत असते तशी."

"बरोब्बर! आधी इथे ऑफिसंच होती."

नातीच्या खोलीपाशी माझं बोट थांबलं. शेजारच्या चौकोनात 'बैठक' असं लिहिलं होतं. "इथे आता काय आहे?"

"टीबीचे पेशंट. पण मध्ये पक्की भिंत घातलीय की!"

"मशीन बंद करा!" ओरडत मी जिना चढले.

हवा येतेय हे दिसावं म्हणून गुरवांनी प्रत्येक जाळीला लाल फीत बांधली होती. पाळण्यावरची फीत अजून जोरात फडफडत होती. तिच्याखाली नात जागी झाली, आणि तिने तोंड उघडून मोठी जांभई दिली.