फियाटची पूजा

"आता ऐका, नाना," म्हणत अलीमनं कार्बोरेटरचा स्क्रू नखभर फिरवला, आणि इतका वेळ ठसकणारं फियाटचं इंजिन एका लयीत चालायला लागलं.

गोरक्षनानांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. वडलांची गाडी ती. कैक वर्षं गोठ्यात कडब्याच्या आडोशाला पडून होती. अलीम मिस्त्रीनं इंजिन खोललं, रिंगा बदलल्या, जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं. आज दसरा. गाडी धुऊनपुसून, हार घालून अंगणात उभी होती, बॉनेट उघडं.

"पेट्रोलचा पाईप तेवडा ऱ्हायला," अलीम म्हणाला. "रबर जुनं हाय. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, त्यानं फुगतं. नवा मागवलाय. तो येईस्तोवर बंद गाडीचीच पूजा करा."

"आरं, इथेनॉल आपल्याच उसाचं!" नाना हसले. "आपलंच लेकरू आपल्याला चावंल व्हय? दसऱ्याला गाडी मुकी ठेवायची न्हाई. ऱ्हाऊ दे चालू."

अलीमनं दोनदा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण सणाचा दिवस, नानांचा एवढा आनंद. तो "बरं" म्हणाला आणि हात पुसत बाजूला झाला.

नानांची बायको चांगुणा आरतीचं ताट घेऊन आली. शेजारच्या वस्तीवरचा भावकीतला कानिफनाथ मोबाईलवर व्हिडिओ काढत उभा राहिला. "वहिनी, जरा वाकून ओवाळा, इंजिन दिसू द्या," तो म्हणाला. चांगुणानं कुंकवाचं बोट पत्र्याला लावलं, ताट उचललं आणि इंजिनावर वाकली. निरांजन मस्त तेवत होतं.

तेवढ्यात अलीमला वास आला.

त्यानं मान वर केली. पाईप फाटला होता. पेट्रोलची बारीक धार तापल्या इंजिनावर पडत होती आणि चांगुणाच्या पदराचं टोक तिथंच लोंबत होतं.

"वहिनी, मागं सरा!" तो ओरडला. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकूच गेलं नाही. ताट आणखी खाली गेलं.

अलीम धावला. त्यानं तिला खांद्यानं ढकललं, ताट हिसकावलं आणि जिवाच्या आकांतानं मागं अंगणात भिरकावलं. कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं मातीत. मग खिडकीतून हात घालून त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.



"माजलास व्हय रं?" नानांनी त्याची गचांडी धरली. हात उगारला. "सणाच्या दिवशी लक्ष्मीचं ताट फेकतो? माझ्या बायकोला ढकलतो?"

 अलीमनं इंजिनाकडं बोट केलं.

नानांनी पाहिलं. उगारलेला हात खाली आला, पाईपाला लागला, ओला झाला. त्यांनी तो नाकाशी नेला. मग चांगुणाचा पदर हातात घेतला, त्याचा वास घेतला. भर दसऱ्याला, स्वतःच्या हट्टापायी, डोळ्यांदेखत बायको पेटली असती.

"मला सांगितलं हुतं त्यानं," ते म्हणाले. "मीच ऐकलं न्हाई."

चांगुणानं ओला पदर अंगापासून लांब धरला. जरा वेळानं तिचं लक्ष अलीमच्या तळव्याकडं गेलं. निरांजनाचं तूप सांडून कातडं सोललं होतं. "अगं बया! भाऊ, हात भाजला की तुमचा," म्हणत ती कोरफड आणायला वळली.

नानांना एकदम आठवलं. "कानिफ, तो व्हिडिओ पुसून टाक."

कानिफनाथनं मोबाईलकडं पाहिलं. "नाना... गावच्या ग्रुपवर टाकला मी."

"कवा?"

"तवाच. डोकं फिरलं हुतं माझं. मला काय ठावं पेट्रोलचं!" तो भराभर अंगठे चालवत होता. "मागं घेतला बगा. पन पुढं गेलाय. दुसऱ्या गावच्या ग्रुपवरनं मलाच परत आलाय." खाली अलीमच्या धर्मावरून, त्याच्या गॅरेजवरून काय काय लिहिलंय ते त्यानं वाचून दाखवलं नाही. 

"मंग दुसरा काढ!" नाना तावातावानं गाडीपाशी गेले. "हा पाईप दाव. ह्यो बगा, फाटलाय! ह्या मानसानं माझी बायको वाचवली. चूक माझी हाय!" पुरावा म्हणून त्यांनी बोटं पुढं धरली. पण पेट्रोल ते, केव्हाच उडून गेलं होतं.

"पाठवला," कानिफनाथ म्हणाला.

"पाठवला खरा," अलीम म्हणाला. "पन ह्यो पुढं कोन ढकलनार, नाना?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच नानांना जास्त लागलं.

"चल, बस गाडीत. तुझ्या दुकानावर येतो मी. बगू कोन काय करतंय!"

"गाडी नका चालू करू. पाईप गळतोय."

अलीमनं भाजलेला हात छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं बायकोला फोन लावला. फाट्यावरच्या गॅरेजात ती आणि त्यांची मुलगी अफ्रीन, दोघीच होत्या.

"बानू, शटर वढ. अफ्रीनला घे आनि मागच्या दारानं तुझ्या भावाकडं जा."

"का? काय झालं?"

"काय न्हाई. तू वढ आधी."

"अवो, आत्ताच झेंडूचं तोरण बांधलंय मी शटरला. दसऱ्याचं गिऱ्हाईक येतंय म्हनून तुमीच सांगितलं ना? वढलं तर तुटंल ते."

अलीमनं डोळे मिटले.

"तुटू दे," तो म्हणाला.