काकांसारखं यंत्र

वेदश्रीच्या लग्नाचा मांडव उतरला, त्याच आठवड्यात श्रीनिधीने तिच्या वडिलांच्या दवाखान्यात संगणक आणून बसवला. साल १९९५. भाड्याने आणलेली पातेली अजून परसात पालथी पडली होती.

वेदश्रीचे वडील म्हणजे डॉक्टर वादिराज, श्रीनिधीचे काका. धारवाडला सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना होता आणि दवाखान्याच्या मागे घर. श्रीनिधी हुबळीच्या एका कॉलेजात शिकवत होता आणि माणसासारखा विचार करून निर्णय घेणारं यंत्र बनवत होता. माणूस म्हणून त्याने काकांना निवडलं. कुठल्या रोग्याला औषध देऊन घरी पाठवायचं आणि कुणाला तातडीने हुबळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं, हे काकांइतकं अचूक कुणाला कळत नसे. पार कलघटगीसारख्या लांबच्या गावाहून लोक त्यांच्याकडे येत.

वर्षभर श्रीनिधी त्यांच्याशेजारी बसला होता. काका काय विचारतात, कुठलं उत्तर ऐकून थांबतात, ते सगळं त्याने नियम करून यंत्रात घातलं. एक नियम काका पुन्हा पुन्हा सांगत. पन्नाशीच्या बाईचा जबडा दुखत असेल, पाठ भरून येत असेल आणि जिना चढताना ती मध्येच थांबत असेल, तर दात बघू नका, पित्त म्हणू नका. तिचं हृदय तपासा. बाया छातीवर हात ठेवून येत नाहीत, असं ते म्हणत.

आता यंत्राची परीक्षा चालली होती. रोग्याला आधी यंत्राचे प्रश्न, मग काकांचे. नागोजी नावाच्या एका म्हाताऱ्याने हे खोकं सुई टोचतं का आणि फी दोघांना द्यायची का, एवढं विचारून घेतलं आणि मगच तो समोर बसला. यंत्राने सांगितलं, घरी पाठवा. काकांनीही तेच सांगितलं. रोज असंच होत होतं.

एका दुपारी रोगी नव्हते. कुसुमावती काकू चहा घेऊन आल्या. श्रीनिधीने गंमत म्हणून त्यांनाच खुर्चीवर बसवलं. अदेनिल्ल, मला काही झालेलं नाही, असं म्हणत त्या बसल्या. तो पडद्यावरचे प्रश्न वाचत गेला आणि त्या उत्तरं देत गेल्या. जबडा दुखतो का? दुखतो, वेदश्रीच्या लग्नाच्या आधीपासून, दाढ असेल. पाठ? रात्री भरून येते. माडीवर जाताना मध्ये थांबावं लागतं? हल्ली माडीवर जातच नाही. पडद्यावर अक्षरं आली. आजच हुबळीला पाठवा.

हे काकांना सांगितलं होतं का, असं श्रीनिधीने विचारलं. त्यांनी विचारलं नाही, काकू म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती.

काका जेवून आडवे झाले होते. श्रीनिधीने त्यांना उठवून आणलं. त्यांनी चष्मा लावून सगळी उत्तरं वाचली. मग ते म्हणाले की यंत्र बरोबर सांगतंय, गाडी बोलवा, उशीर करू नका. कुठे आहे ती बाई, असं विचारत त्यांनी बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामं होतं. श्रीनिधीने काकूंकडे बोट दाखवलं.

काका हसले. "अरे, हिला तीस वर्षं बघतोय मी. घरात लग्न झालं, शीण आलाय. तुझ्या यंत्राला माणूस ओळखता येत नाही."

काकूही हसल्या. ह्यांच्यापेक्षा त्या खोक्याला जास्त कळणार का, असं त्या म्हणाल्या. हुबळीला एकदा जाऊन यायला काय हरकत आहे, असं श्रीनिधीने म्हणून पाहिलं. काकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्या घरात त्यांच्या शब्दावर कुणी दुसऱ्यांदा बोलत नसे.

मग काका खुर्ची ओढून यंत्राची चूक दुरुस्त करायला बसले. त्यांनी नवा नियम सांगितला. घरात नुकतंच कार्य झालं असेल, तर घरच्या बाईचं दुखणं आधी शीण धरावं. श्रीनिधीने तो नियम यंत्रात घातला. काकूंना पुन्हा तेच प्रश्न विचारले. त्यांनी तीच उत्तरं दिली. पडद्यावर आलं, घरी विश्रांती.

"आता माझ्यासारखा विचार करतंय," काका म्हणाले.

काकू कपबश्या उचलून आत गेल्या. संध्याकाळी श्रीनिधीने हुबळीला आपल्या सरांना फोन केला. काकांच्या आणि यंत्राच्या निर्णयात एकच फरक निघाला होता, तोही मिटला, काम पूर्ण झालं, असं त्याने सांगितलं.

कुसुमावती त्याच वर्षी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हृदय बंद पडून वारल्या.