ताईचा निरोप

पेजर वाजला तेव्हा मल्हारच्या हातात तापलेली सोल्डरिंग गन होती. प्रॅक्टिकलला पेजर बंद ठेवायचा असा कॉलेजचा नियम होता आणि तो पाळणारा वर्गात एकही नव्हता. त्यानं टेबलाखाली पट्ट्यावरून पेजर काढला आणि इवल्याशा पडद्यावर सरकणारी इंग्रजी अक्षरं वाचली.

‘ताई सिरियस. अ‍ॅडमिटेड. कम सून.’

‘ताई’च्या स्पेलिंगमध्ये एक वाय उगाच पडला होता. पेजर कंपनीतल्या मुली फोनवर जे कानावर येईल ते इंग्रजीत ठोकून देत. सबमिशनचं त्यांनी एकदा सबमरीन केलं होतं. पण निरोप कितीही मोडका आला तरी तो बिनचूक लावण्यात मल्हारचा हात धरणारं हॉस्टेलात कुणी नव्हतं, आणि त्याला त्याचा अभिमानही होता.

मिरजेला उल्काताईला आठवा महिना होता. रक्तदाब वाढलाय, पडून राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त आईपासून लपवलेलं होतं. आईचं हृदय आधीच नाजूक, तिला धक्का सोसणार नव्हता.

सत्त्याण्णव साल होतं आणि वर्गात अभ्यासाच्या नावाखाली घरच्यांकडून वस्तू उकळायची साथ आली होती. कुणी लेक्चर टेप करायला वॉकमन घेतला होता, त्यात आता सिनेमाची गाणी वाजत. कुणी प्रोग्रॅम भरायचा कॅल्क्युलेटर घेतला होता, तो परीक्षेत सूत्रं लपवायला बरा पडे. मल्हारलाही वॉकमनच हवा होता. आई म्हणाली, “गाण्याची पेटी नको. निरोप येतो ते यंत्र घे. तू आठवडाभर तिकडे आनेकलला, मी इकडे जयनगरला.”

मग पेजर आला. त्यावर अभ्यासाचे निरोप येत, नाही असं नाही. पुस्तक लायब्ररीत परत आलं. सरांनी हजेरी काढली, पळ. दुसऱ्या प्रकारचे जरा जास्त येत.

जयनगरला आई नागराजअण्णांच्या माडीवर भाड्यानं राहायची. मुलाच्या शिक्षणासाठी मिरज सोडून बेंगळुरूला, परक्या मुलखात आलेली बाई. कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. अण्णांना मराठी येत नव्हती. तरी दोघांचं बरं जमे. अण्णा जिन्याखालून तिला ताई, ताई अशी हाक मारत आणि आई हसे. म्हणे, “केस पिकले माझे, नि ह्यांची मी अजून ताईच.” दिवाळीत उल्काताई आली होती तेव्हा तीही ह्यावर पोट धरून हसली होती.

मल्हार प्रॅक्टिकल अर्धं टाकून बाहेर पडला. वासुदेव मागोमाग आला. हा निपाणीचा, मराठी आणि कानडी दोन्ही घरच्याच.

“काय झालं?”

“ताईला अ‍ॅडमिट केलंय. मिरजेला निघतो.”

“बघू निरोप.”

“बघायचंय काय त्यात?” मल्हारनं पेजर खिशात टाकला.

“स्वल्प थांब की. आधी घरी तर फोन लाव.”

ताईच्या घरी फोन नव्हता. दाजी कारखान्यातून करायचे, आणि कारखान्याची लाइन लागेना. मग त्यानं कॉलेजच्या फाटकापाशी असलेल्या बूथवरून नागराजअण्णांचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. पुन्हा फिरवला. कुणीच उचललं नाही. एरवी त्या घरी कुणी नाही असं सहसा व्हायचं नाही, अण्णांच्या बायको प्रेमाअक्का तरी असायच्याच. पण मल्हारला हायसंच वाटलं. आईशी खोटं बोलायची वेळ टळली.

मॅजेस्टिकच्या मोठ्या बसस्टँडला जाणारी बस जयनगरच्या कडेनं गेली. घराकडे वळणारा रस्ता दिसला तेव्हा तो सीटवरून अर्धा उठला. उतरावं, पाच मिनिटं आईला बघावं. पण आपला चेहरा तिनं एकदा पाहिला की सगळं ओळखेल, आणि मग तिलाही सांभाळावं लागेल. तो पुन्हा बसला. त्याला स्वतःच्या समजूतदारपणाचं थोडं कौतुकही वाटलं.

मिरजेच्या बसमध्ये तो पेजर हातात धरून बसला. शहर मागे पडलं तसा पेजर मुका झाला, बेंगळुरूबाहेर तो चालतच नसे. वाईट बातमी असली तरी आता कळणार नाही, हे त्याला बरंच वाटलं. तो देवाला विनवत होता, ताईला वाचव, त्या बदल्यात काय वाटेल ते घे.

सकाळी तो दाजींच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये ताईच्या दारात उभा राहिला. कुठल्या इस्पितळात जायचं ते शेजारी विचारावं म्हणून वळला, तोच दार उघडलं. दारात उल्काताई होती. हातात चहाचा कप, पोट पुढे आलेलं, चेहरा तुकतुकीत.

“अरे, तू? परीक्षा आहे ना तुझी?”

मल्हार तिच्याकडे बघत लहान पोरासारखा रडायला लागला. रडता रडता हसूही फुटलं. “देवानं ऐकलं,” तो म्हणाला. “कुणीतरी चावटपणा केला बघ माझ्याशी. सापडू दे, हाडं मोडतो त्याची.”

त्यानं पेजर तिच्या हातात दिला. तिनं निरोप वाचला. मग पुन्हा, ओठ हलवत, एकेक अक्षर लावत वाचला. हातातला कप तिनं खाली उंबऱ्यावर ठेवला.

“मल्हार,” ती म्हणाली, “नागराजअण्णा आईला काय म्हणतात रे?”