एका उन्हातला

"चिकटवलेला नको गं, उज्वला. एका उन्हातला आण."

सासूबाईंचे हे शब्द कानात घेऊनच उज्वला नांदेडच्या कॅमेऱ्याच्या दुकानात उभी होती. कावेरीबाईंनी अंथरूण धरलं होतं. दिवसभरात दोन घोट पेज जायची, तेवढीच. मागणं एकच होतं, दोन्ही लेक एका फोटोत बघायचे. थोरला दयानंद, म्हणजे उज्वलाचा नवरा, आणि धाकटा श्रीमंत, दोघं बांधाच्या भांडणापायी तीन वर्षं बोलत नव्हते. एक आईच्या खोलीतून बाहेर पडला की मग दुसरा आत यायचा. 'आधी त्यानं यावं,' हे दोघांचंही ठरलेलं उत्तर.

दिवाळीत उज्वलानं अहमदपूरच्या स्टुडिओतून दोघांचे वेगवेगळे फोटो एकत्र जोडून आणले होते. म्हातारीनं फोटो डोळ्यांपाशी धरला आणि परत दिला. "ह्याची सावली इकडं, त्याची तिकडं. ही एका दिवसाची माणसं न्हाईत." तेव्हाच उज्वलानं तिच्या हातावर हात ठेवून एका उन्हातला फोटो आणायचा शब्द दिला होता.

"कशाचे फोटो काढायचे, ताई?" दुकानातल्या सत्यमनं विचारलं.

"पाखरांचे. आणि घरच्यांचे."

"पाखरांना कॅमेरा कशाला?" दयानंद म्हणाला. "त्यांना दाणे टाकल्याबिगर ही पाणी पीत न्हाई. पाव्हण्यासारखी येऊन बसतेत. मोबाईलवर काढले तरी चालंल."

सत्यम हसला. कॅमेरा ठरला होता, घोळ लेन्सचा होता. त्यानं दोन लेन्स काचेवर ठेवल्या. एक मुठीएवढी, दुसरी मनगटापासून कोपरापर्यंत लांब. "ही घरच्यांसाठी. चेहरा लई छान येतो. ही सहाशे मिलिमीटरची, लांबच्या पाखरांसाठी. दोन्ही कामं एकीत न्हाई होत."

"मग लहान घे," दयानंद म्हणाला. "आईचा एखादा चांगला फोटो होईल." जरा थांबून, खाली बघत म्हणाला, "लागंलच आता." आणि चहा पिऊन येतो म्हणून तो बाहेर पडला.

उज्वलानं लहान लेन्स लावून बघितलं. सत्यमचा चेहरा देवघरातल्या तसबिरीसारखा स्वच्छ आला. पण हिच्यात दोघांना आणायचं तर आधी दोघांना शेजारी उभं करावं लागणार. तिनं ती हळूच खाली ठेवली.

सत्यमनं तिला मोठी लेन्स लावून पायरीवर आणलं. "लांबचं बघा काहीतरी."

तिनं चौकाकडं रोखलं. टपरीपाशी दयानंद चहाचा कप धरून उभा. आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून कुणीतरी पांढऱ्या टोपीतला माणूस, त्याच बाजूला तोंड करून. दोघं एकाच घरचे वाटावेत असे. हे कोण भेटलं यांना? तिनं कॅमेरा खाली घेतला. टोपीवाला पार रस्त्याच्या पलीकडं उभा होता. मधून रिक्षा चालल्या होत्या.

तिनं पुन्हा डोळा लावला. पुन्हा खांद्याला खांदा.

"दादा, हे जवळ कसं आलं?"

"ही लेन्स मधलं अंतर खाती, ताई. मागचा माणूस पुढच्याला आणून टेकवती."

"म्हणजे चिकटवल्यासारखं?"

"चिकटवायचं काय त्यात? एका क्लिकचा फोटो. ऊन तेच, सावल्या जिथल्या तिथं." सत्यमनं मान हलवली. "पण घरच्यांसाठी ही घेऊ नका. लई मागं जावं लागंल."

"किती मागं?"

"जितकं मागं जाल, तितके ते जवळ येतील. फक्त ऊन चढायच्या आत काढा. मग हवा तापून हलती, चेहरे थरथरतेत."

दयानंद परत आला तेव्हा ती मोठी लेन्स खोक्यात जात होती.

"ही? आईची खोली केवढी, ही केवढी. कसा काढशील तिचा फोटो?"

"पाखरं लांब लांब बसलीत," उज्वला म्हणाली. "ही लागती."

"तुझं तू बघ," तो म्हणाला.

दिवसभरात तोंडून खोटं गेलं असेल तर ते सांजवातीला देवापुढं बोलून टाकायचं, हा तिचा नेम. त्या संध्याकाळी वात लावून तिनं ते पाखरांचं वाक्य सांगून टाकलं. उद्याच्या फोटोपाशी मात्र जीभ अडली. बांध तर हाय तिथंच हाय. मग तो न दिसणं हे खोटं की खरं? म्हातारीनं विचारलं, 'बोलतेत का गं आता?' तर काय सांगायचं? वात बराच वेळ तेवत राहिली.

त्या आठवड्यात शेतातली लाईट पहाटेपासूनची होती. दुसऱ्या दिवशी उजाडताना दोन्ही मोटारी चालू झाल्या होत्या, म्हणजे दोघंही बांधाच्या अल्याड-पल्याड आपापल्या हरभऱ्यात पाण्यावर असणार. उज्वलानं अंगणात दाणे टाकले. चिमण्या उतरल्यावर पाणी प्याली, आणि बॅग खांद्याला अडकवली.

"कुठं निघालीस गं?" खोलीतून बारीक आवाज आला.

"फोटो काढायला, आई."

"शेताकडं?"

"न्हाई. जरा लांबून काढते."

गल्लीच्या तोंडाशी रस्ता फुटत होता. डावीकडं शेतं. उज्वला उजवीकडं वळली आणि शेतांकडं पाठ करून, जिथनं दोन्ही शेतं एकामागं एक दिसायची त्या नाल्यापल्याडच्या माळाकडं चालू लागली.