बंद म्हणजे बंद

"बटन दाबा म्हणावं," शेषेराव ओट्यावर उभा राहून भिंतीला म्हणाला.

भिंतीपलीकडे दामिनी होती. त्याची सून. औरादकडची, कानडी घरातली. मुलाने, शिवमने, तिच्याशी पुण्यात परस्पर लग्न उरकलं होतं. देगलुरातल्या निम्म्या लग्नांच्या निमंत्रणपत्रिका शेषेरावने आपल्या बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर तयार केलेल्या, आणि पोटच्या पोराचं लग्न झालं ते बिनपत्रिकेचं. हे त्याच्या जिव्हारी लागलं. सून दिवाळीला पहिल्यांदाच घरी आली, तरी तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. आज संध्याकाळच्या गाडीने नवरा-बायको परत जाणार होते. त्याआधी मामांनी एकदा तरी आपल्याशी बोलावं, एवढंच दामिनीला हवं होतं.

पण मामांची मान काही वळत नव्हती. आज मात्र नाइलाज झाला. शिवम आईला घेऊन बाजारात गेलेला. दुपारच्या एसटीने एका पत्रिकेचा पेनड्राइव्ह नांदेडच्या छापखान्याला धाडायचा होता, आणि कॉम्प्युटर हटून बसला होता. पंखा घुर्र करायचा, दिवा लुकलुकायचा, की पुन्हा सगळं गार. नांदेडचा मेकॅनिक देविदास फोनवर उपाय सांगायला तयार होता, पण घरात रेंज नव्हती. ओट्यावर उभं राहिलं तर देविदास ऐकू येई, आत कॉम्प्युटरपाशी गेलं की तो गायब होई. म्हणजे आत एक माणूस हवंच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. शेषेरावने भिंतीचे धरले.

"मागची वायर उपसून पुन्हा गच्च बसवा म्हणावं."

आत खुडबुड झाली. मग दामिनीचा घाईघाईचा आवाज आला. "बंद अद, मामा."

शेषेरावने पहिला शब्द घेतला आणि शेपूट सोडून दिलं. तेलुगू त्याला बाजारापुरती येत होती. कानडीचं तर त्याने या लग्नापासून नावच टाकलं होतं.

"बंदच हाय म्हणतेत," त्याने फोनमध्ये सांगितलं.

"पुन्हा वायर काढा काका," देविदास म्हणाला. "बटन दाबून धरा. आतला करंट उतरू द्या, मग लावा."

हुकूम भिंतीला गेला. मग खुडबुड, आणि पुन्हा तेच. "बंद अद."

आता देविदासही इरेला पेटला. "डब्याचं झाकण उघडा. रॅमची पट्टी काढा, खोडरबरानं पुसा, परत बसवा."

या खेपेची खुडबुड लांबली. जमत नसेल पोरीला, शेषेरावला वाटलं. तसं वाटल्याचं त्याला जरा बरंही वाटलं. पण शेवटी आवाज आलाच. "पूरा बंद अद, मामा."

"पूरा बंद," शेषेरावने पडेल आवाजात पुढे ढकललं.

"मग पावर सप्लाय गेला काका. डबा उचला आन् नांदेडला या."

शेषेराव तणतणत आत आला आणि उंबऱ्यातच थबकला. कॉम्प्युटरचा पडदा लखलखत होता. त्यावर गिऱ्हाइकाची पत्रिका उघडून ठेवलेली होती. दामिनी हातात खोडरबर घेऊन उभी होती, गालाला डब्यातली धूळ.

"हे तर चालू हाय," तो म्हणाला. गडबडीत भिंतीकडे बघायचं राहून गेलं.

"हाव. तेच सांगून राहिले की मी. पहिल्या खेपेलाच बंद अद."

"बंद म्हणजे बंद."

"तुमच्यात. आमच्यात, कानडीत, बंद अद म्हणजे आलंय, सुरू झालंय. घाईत तोंडात आपलीच भाषा येती, मामा."

"आन् मग चालू मशीनची वायर कामून उपसली? तेबी पुन्हा पुन्हा?"

दामिनीने खोडरबर टेबलावर ठेवला. "तुमी सांगितलं म्हणून. घरात आल्यापासून पहिल्यांदा मला काही सांगितलं. न्हाई कसं म्हणू?"

आपण भिंतीशी बोलत होतो आणि ही पोर त्यातला शब्द न् शब्द झेलत होती, याची शेषेरावला लाज वाटली. त्याने खिशातून पेनड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला.

"घाल यात तू," तो म्हणाला आणि फोन करायला पुन्हा ओट्यावर गेला.

"निघालात का काका?" देविदासने विचारलं.

"न्हाई. झालं सुरू."

"कुणी केलं?"

शेषेरावने घसा खाकरला. समोरच्या ओट्यावरची मंडळी तांदूळ निवडता निवडता कान देऊन होती.

"सुनेनं. आमची सून बंद अद."

"आँ? सून बंद?"

आतून हसू आलं, आणि हसूमागून दामिनी दारात आली. "मामा, माणसाला बंद अद न्हाई म्हणत. बाईमाणूस आलं असलं तर बंदाळ."

शेषेरावने शब्द नीट ऐकून घेतला, एकदा ओठातल्या ओठात घोळवला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात फोनमध्ये म्हणाला, "बंदाळ, देविदास. माझी सून बंदाळ."